उथळ पाण्यात अर्धा थ्रॉटल नको आणि रिव्हर्सही नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

उथळ पाण्यात लहान मोटरबोट कशी चालवावी याविषयी वृत्तपत्रांतून अधूनमधून चार ओळी छापून येतात. त्यांत एक वाक्य ठरलेले असते: ‘पाणी कमी वाटले की वेग निम्म्यावर आणावा आणि बोट टेकलीच तर रिव्हर्स टाकून मागे घ्यावी.’ ऐकायला शहाणपणाचे वाटते. पण यातला पहिला सल्ला बोट रुतवणारा आहे आणि दुसरा मोटर मोडणारा. कारणे जरा विस्ताराने लिहितो. जागेअभावी पत्र कापावे लागले तर बाकी काहीही कापा, ही कारणे तेवढी राहू द्या.

आधी खोलीचा हिशेब. ‘माझी बोट वीतभर पाण्यात तरंगते’ असे सांगणारा खोटे बोलत नसतो, पण तो बोटीच्या तळाविषयी बोलत असतो, मोटरविषयी नाही. साडेचार मीटर लांबीची, जवळजवळ सपाट तळाची बोट दोन-तीन माणसे घेऊन साधारण 15 ते 20 सेंटिमीटर पाण्यात बुडालेली असते. मागे टांगलेल्या आउटबोर्ड मोटरचा पाय त्याच्याही खाली जातो. पंख्याच्या, म्हणजे प्रोपेलरच्या, वर एक आडवी चपटी पट्टी असते. तिला सगळे कॅव्हिटेशन प्लेट म्हणतात; खरे तर वरची हवा पंख्यात ओढली जाऊ नये एवढ्यासाठी ती असते, पण नाव आता रुळले आहे. ही पट्टी बोटीच्या तळाच्या पातळीत किंवा त्याच्या दोन-तीन सेंटिमीटर खाली असावी लागते. तिच्याखाली पंखा आणि गिअरची पेटी, आणि सगळ्यात खाली स्केग नावाचे सुरीसारखे पाते. पट्टीपासून स्केगच्या टोकापर्यंत लहान मोटरींत 25 ते 35 सेंटिमीटर अंतर भरते. म्हणजे तळाचे 20 आणि पायाचे 30 मिळून अर्धा मीटर. तुमच्या बोटीला लागणारे पाणी ते एवढे, वीतभर नव्हे.

मोटर चुकीच्या शाफ्टची, म्हणजे चुकीच्या लांबीच्या पायाची, असेल तर यात आणखी भर पडते. मागच्या फळीची उंची 15 इंच, म्हणजे 38 सेंटिमीटर असेल तर शॉर्ट शाफ्ट मोटर लागते. स्वस्तात मिळाली म्हणून 20 इंची लाँग शाफ्ट लावली की पाय उगाचच 13 सेंटिमीटर खाली जातो. बोट कोरड्यावर असताना तळापासून स्केगच्या टोकापर्यंत मोजावे, भरलेली बोट पाण्यात किती बुडते ते त्यात मिळवावे आणि तो आकडा चालवणाऱ्याच्या डोळ्यांसमोर रंगाने लिहून ठेवावा. वजनाने पडणारा फरक लोक वाजवीपेक्षा जास्त धरतात. अशा बोटीचे पाण्यालगतचे क्षेत्रफळ 5 चौरस मीटर धरले तर 50 किलो वजन वाढल्यावर ती सरासरी फक्त 1 सेंटिमीटर खाली जाते. खरा फरक पडतो वजन कुठे ठेवले आहे त्याने. चालवणारा, पेट्रोलची टाकी, बॅटरी आणि नांगर असे सगळे मागेच गोळा झाले की मागचा भाग दबतो, आणि मोटर नेमकी तिथेच असते. उथळ पाण्यात शिरण्याआधी टाकी पुढे सरकवावी आणि एका माणसाला मधल्या फळीच्या पुढे बसवावे. पाच मिनिटांचे काम आहे, पैसे लागत नाहीत, आणि तरी फार थोडे लोक ते करतात.

आता निम्म्या वेगाविषयी. लहान मोटरबोटीला चालण्याच्या दोन तऱ्हा असतात. अगदी सावकाश जाताना ती पाणी बाजूला सारत आडवी तरंगत राहते. पुरेसा वेग आला की पाण्यावर चढून घसरत जाते. याला प्लेनिंग म्हणतात. या दोहोंच्या मधल्या वेगात ती स्वतःच उठवलेल्या लाटेचा चढ चढत असते. पुढचा भाग वर, मागचा खाली. साडेचार मीटरच्या बोटीचा पुढचा भाग फक्त पाच अंश उचलला तरी मागचे टोक मध्यापेक्षा जवळजवळ 20 सेंटिमीटर खाली असते, आणि त्याच्याबरोबर मोटरचा पाय. थ्रॉटल, म्हणजे इंजिनचा जोर कमी-जास्त करणारी मूठ, अर्ध्यावर आणल्याने बोट नेमकी याच अवस्थेत येते. म्हणजे जिथे पाय कमीत कमी खोल हवा, तिथे तो सर्वांत खोल जातो.

त्यात उथळ पाण्याची स्वतःची एक खोड आहे. तळाशी फट लहान असली की बोटीखालचे पाणी जास्त वेगाने मागे सरकते, तिथला दाब कमी होतो आणि बोट खाली ओढली जाते. शिवाय उथळ पाण्यात लाट एका ठरावीक वेगापेक्षा जोरात धावू शकत नाही. अर्धा मीटर पाण्यात ही मर्यादा ताशी सुमारे 8 किलोमीटर, एक मीटरमध्ये 11, दोन मीटरमध्ये 16. बोटीचा वेग या आकड्याजवळ गेला की लाट पुढे निघून जात नाही, बोटीशी साचत राहते. इंजिन ओरडते, पेट्रोल जळते, वेग काही वाढत नाही. अननुभवी माणसाला वाटते मोटर कमजोर आहे, म्हणून तो आणखी थ्रॉटल देतो. मागचा भाग आणखी बसतो आणि स्केग वाळूला लागते.

हे होण्याआधी पाणी इशारा देते. मागे वळून पाहायची सवय तेवढी हवी. खोल पाण्यात मागची लाट बोटीपासून थोडी दूर, मऊ आणि गोलसर असते. तळ जवळ आला की ती बोटीच्या मागच्या फळीजवळ सरकते, उंच आणि टोकदार होते, तिचा माथा फुटू लागतो. बोट वळवायला जड, आळशी वाटू लागते. मग लाटेत मातकट रंग मिसळतो. रंग दिसेपर्यंत थांबलात तर उशीर झाला; लाट जवळ सरकली तेव्हाच थ्रॉटल कमी करायचा होता. आणि कमी म्हणजे माणूस चालतो तेवढा वेग, ताशी 4 ते 5 किलोमीटर. तोही एकदम झटक्यात आणू नये. मागची लाट बोटीला गाठते, मागचा भाग उचलून पुन्हा खाली आपटते, आणि फळी ठेंगणी असेल तर पाणी आत येते. तीन-चार सेकंद घेऊन हात मागे आणावा.

सराईत लोक याच्या उलट करतात: प्लेनिंगमध्ये असलेली बोट तशीच उथळ पट्ट्यावरून काढून नेतात. पाण्यावर चढलेल्या बोटीचा पाय खरोखरच कमी बुडतो, त्यामुळे ही युक्ती खोटी नाही. पण पट्ट्याच्या मधोमध काही कारणाने वेग सुटला तर बोट मधल्या अवस्थेतून खाली येते आणि तिथून पुन्हा चढायला जास्त पाणी लागते, जे तिथे नसते. पाण्यात झाडाचे खोड असेल तर त्या वेगात काय होते ते सांगायला नको. रोजचा, पाठ असलेला मार्ग सोडून हे कुणी करू नये असे माझे मत आहे.

सावकाश जाण्यात एक अडचण आहे, तीही मांडायला हवी. आउटबोर्ड मोटरच्या बोटीला वेगळे सुकाणू नसते. पंख्याने ढकललेले पाणी हेच तिचे सुकाणू. न्यूट्रल केले की बोट वाऱ्याच्या आणि प्रवाहाच्या स्वाधीन. म्हणून उथळ भागात मोटर बंद-चालू करत तरंगत जाण्यापेक्षा सर्वांत कमी वेगावर गिअर घातलेला ठेवावा आणि वल्ही हाताशी, कड्यांत अडकवून ठेवावीत. एका बाजूचा काठ उभा आणि जवळ असेल तर बोटीचा मागचा भाग त्या काठाकडे ओढला जातो आणि पुढचा भाग दूर फेकला जातो. चालवणारा घाबरून काठापासून आणखी वळवतो आणि मागची मोटर सरळ काठाच्या दगडांवर नेऊन घालतो. अशा ठिकाणी वेग कमी करणे हाच उपाय.

बहुतेक लहान मोटरींना उथळ पाण्यासाठी एक वेगळा खटका असतो. तो लावून मोटर मागच्या बाजूला थोडी वर तिरकी करता येते. याने पाय दहा-पंधरा सेंटिमीटर वर येतो. तीन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. मोटर तिरकी करण्याआधी वेग अगदी कमी करून न्यूट्रल करावे. तिरक्या मोटरला जास्त थ्रॉटल देऊ नये, कारण आता पंखा पाणी मागे आणि वर फेकतो, त्याची प्रतिक्रिया मागचा भाग खाली दाबते आणि मिळवलेले सेंटिमीटर परत जातात. आणि गिअरच्या पेटीच्या बाजूला ज्या जाळीतून थंडाव्याचे पाणी आत ओढले जाते, ती जाळी पूर्ण पाण्याखालीच राहिली पाहिजे. ते कळण्याचा एकच मार्ग: मोटरच्या मागून जी बारीक धार बाहेर पडते, ती सारखी पाहत राहणे.

या धारेविषयी दोन शब्द जास्त लिहितो, कारण मोटरचा जीव तिच्यात असतो. आत एक रबरी चकती असते, सहा-आठ लवचिक पाकळ्यांची. तिला इम्पेलर म्हणतात; थंडाव्याचे पाणी ओढणारा पंप तिच्यावर चालतो. पाणी हेच तिचे वंगण. कोरडी फिरली की रबर मिनिटाभरातसुद्धा जळू शकते. धार बारीक झाली, थांबत थांबत येऊ लागली किंवा वाफाळू लागली की लगेच इंजिन बंद करावे. मग मोटर वर घेऊन जाळीवर गवत, प्लॅस्टिकची पिशवी किंवा चिखल बसला आहे का पाहावे. जाळी मोकळी असेल तर धारेच्या भोकात नायलॉनची जाड तार घालून आतबाहेर करावी. पुष्कळदा वाळूचा एक कण तिथे बसलेला असतो आणि थंडावा आत नीट चालू असतो. तरीही धार आली नाही तर पंप गेला असे समजावे आणि वल्ही हातात घ्यावीत. ‘दोनच मिनिटे’ म्हणून चालवलेल्या मोटरीची सिलिंडर हेडची गास्केट जाते. वाळूच्या पाण्यात फिरणाऱ्यांनी इम्पेलर वर्षातून एकदा तरी बदलावाच. पाकळ्यांच्या कडा झिजलेल्या, बुंध्याशी चिरा पडलेल्या किंवा एका बाजूला वाकून तशाच राहिलेल्या दिसल्या तर वर्ष पुरे व्हायची वाट पाहू नये.

पाणी वाचता येणे ही या सगळ्याच्या आधीची विद्या. नदीच्या वळणावर प्रवाह बाहेरच्या काठावर आदळतो आणि तो कोरत जातो. डोह तिकडे असतो. आतल्या बाजूला वेग मंदावतो, वाळू पडते आणि उथळ जीभ पाण्यात पसरते. नवखा माणूस अंतर वाचवायला वळण आतून कापतो आणि या जिभेवर चढतो. एक वळण डावीकडे आणि पुढचे उजवीकडे असेल तर खोल धार मधल्या टप्प्यात तिरकी या काठावरून त्या काठावर जाते, आणि ती ओलांडते तिथे नदी सर्वांत उथळ असते. पायी चालणारे ज्याला उतार म्हणतात तो बहुधा अशाच जागी सापडतो. उपनदी मिळते त्याच्या खालच्या अंगाला आणि बेटाच्या शेपटीशी वाळू साचलेली असणार असे धरूनच चालावे.

पृष्ठभागाकडे पाहताना दोन आकृत्या ओळखाव्यात. वरून खाली येताना दोन दगडांमधून पाणी निसटते तेव्हा गुळगुळीत जिभेसारखा त्रिकोण तयार होतो आणि त्याचे टोक प्रवाहाच्या दिशेला असते. ती वाट. टोक उलट, प्रवाहाच्या वरच्या दिशेला असेल तर त्या टोकाशीच दगड, ओंडका किंवा खुंट आहे. दगड पाण्याखाली असला तर पाणी त्याच्या वरच्या अंगाला उशीसारखे फुगते आणि खालच्या अंगाला खळबळते. म्हणजे खळबळ दिसते तिथे दगड नसतो, थोडा प्रवाहाच्या वरच्या दिशेला असतो. वारा पडलेला असताना सगळीकडे आरसा आणि एकाच पट्ट्यात बारीक सुरकुत्या दिसल्या तर तिथे तळ वर आला आहे. बगळा उभा दिसला तर अर्थ उघड आहे. तो पोहत नाही.

वाळूचे उंचवटे वरच्या अंगाला हळू चढत जातात आणि खालच्या अंगाला एकदम तुटतात. प्रवाहाबरोबर जाणारी बोट या उतारावर न कळत चढते आणि मागून येणारे पाणी तिला आणखी वर ढकलत राहते. प्रवाहाविरुद्ध जाणारी बोट तुटलेल्या कडेला पुढून टेकते, चालवणाऱ्याला धक्का कळतो आणि प्रवाहच तिला मागे सोडवून नेतो. म्हणून अनोळखी नदीत पहिला शोध नेहमी प्रवाहाविरुद्ध घ्यावा. परतताना तीच रेघ धरता येते.

स्वच्छ पाण्यात रंगावरून खोलीचा अंदाज येतो: गडद निळे म्हणजे खोल, हिरवट म्हणजे बेताचे, फिकट पिवळसर म्हणजे वाळू अगदी जवळ, तपकिरी डाग म्हणजे खडक किंवा शेवाळ. पण सूर्य डोक्यावर किंवा पाठीमागे असेल तरच. उन्हाकडे तोंड करून उथळ पाण्यात जाणे म्हणजे डोळे मिटून जाणे. पोलराइज्ड चष्म्याने पृष्ठभागाची चमक कापली जाते, आणि उभे राहून पाहिले तर आणखी दूरचे दिसते; अर्थात उभे राहायचे ते चालवणाऱ्याने नव्हे, आणि तेही बोट अगदी हळू असताना, काठ धरून. ढगाची सावली खोल पाण्यासारखी दिसते. सरळ खाली पाहताना पाणी आहे त्यापेक्षा उथळ भासते, 1.2 मीटरचे 90 सेंटिमीटर. तिरके पाहिले तर आणखी उथळ. डोळ्याची ही चूक घाबरवणारी आहे, बुडवणारी नाही. गढूळ पाण्यात मात्र डोळ्याचे काम संपते.

तिथे काठी लागते. तीन मीटरचा बांबू, दर 10 सेंटिमीटरला रंगाचा पट्टा, आणि आपल्या बोटीला लागणाऱ्या खोलीवर लाल. पुढे बसलेल्याने ती दर दोन-तीन बोटलांबीला टेकवून आकडा मोठ्याने सांगावा. काठी तळही सांगते: वाळूत कुरकुर होते आणि ती लगेच थांबते, चिखलात ती आत जाते आणि ओढताना धरून ठेवते, खडकावर टक्कन वाजते. खोली मोजणारे इलेक्ट्रॉनिक यंत्र हे सांगत नाही. त्याचा सेन्सर मागच्या फळीवर असतो, म्हणजे ते पाणी बोटीने ओलांडल्यावर मोजते. दाट गवताच्या माथ्याला तळ समजते, पंख्याच्या बुडबुड्यांत गोंधळते, आणि अगदी कमी पाण्यात जुना आकडा तसाच दाखवत राहते किंवा भलताच दाखवते. खोलातून उथळाकडे येताना आकडे कसे उतरत आहेत ते पाहायला ते चांगले. शेवटच्या मीटरला काठीच.

समुद्राजवळ आणि खाडीत आणखी एक घड्याळ चालू असते. साधारण सहा तासांच्या भरती-ओहोटीत पाणी एकसारखे चढत-उतरत नाही. फरकाचे बारा भाग केले तर तासागणिक 1, 2, 3, 3, 2, 1 असे. फरक 3 मीटरचा असेल तर तिसऱ्या आणि चौथ्या तासात पाणी प्रत्येकी 75 सेंटिमीटर उतरते. म्हणजे मिनिटाला सव्वा सेंटिमीटर. ओहोटीच्या मध्याला टेकलेल्या बोटीत बसून दहा मिनिटे ‘आता काय करायचे’ याची चर्चा केली की बारा सेंटिमीटर पाणी गेलेले असते. हा हिशेब ढोबळ आहे, अरुंद आणि लांब खाड्यांत तो बिघडतो, पण धोक्याचा तास कोणता ते त्यातून कळते. उथळ जागी चढत्या पाण्यात शिरावे. चुकले तरी थोड्या वेळाने पाणीच उचलते. उधाणाच्या भरतीच्या टोकाला मात्र काठाजवळ घुसू नये. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमाराला तिथे अडकलेली बोट पुढच्या भांगाच्या, म्हणजे कमी चढणाऱ्या, भरतीला पाण्याची वाट पाहत बसते, आणि पुन्हा उधाण येईपर्यंत जवळजवळ पंधरा दिवस जातात. मोठी बोट शेजारून गेली तर लाटेच्या आधी पाणी क्षणभर खाली जाते. 30 सेंटिमीटरच्या लाटेचा खोलगट भाग 15 सेंटिमीटर पाणी हिरावून नेतो आणि तेवढ्यात स्केग तळावर आपटते. अशा वेळी खोलाकडे सरकून थांबावे.

आता टेकल्यावर काय करावे. रिव्हर्स का नाही, ते आधी. पुढे जाताना मोटर अडथळ्यावर आदळली तर ती मागे उसळून वर येऊ शकते. तशी सोय असते. रिव्हर्स टाकला की मोटर उसळू नये म्हणून एक खटका तिला खाली अडकवून ठेवतो. म्हणजे आता दगड लागला तर सुटका नाही; धक्का थेट पंख्याला आणि गिअरना. मोटर उथळ पाण्याच्या खटक्यावर तिरकी असेल तर पुष्कळ मोटरींत उलटा प्रकार होतो: तिला धरून ठेवणारा खटका लागत नाही आणि रिव्हर्स देताच ती पाण्याबाहेर येते. दुसरे, रिव्हर्समध्ये पंखा वाळू आणि गाळ बोटीच्या तळाखाली फेकतो, आणि तीच वाळू जाळीतून इम्पेलरमध्ये जाते. पंख्याची पाती पुढे ढकलण्यासाठी घडवलेली असल्याने मागे ओढण्याचा जोरही कमीच. आणि जोरात मागे घेताना पाणी ठेंगण्या मागच्या फळीवरून आत येते. एवढे सगळे पत्करून जे मिळते ते बहुधा एका वल्ह्याच्या रेट्याने मिळाले असते.

म्हणून टेकताच इंजिन बंद. बोटीत पाणी येत आहे का ते पाहावे, सगळ्यांची लाइफ जॅकेट बांधलेली आहेत ना ते पाहावे. ‘कमरेएवढेच तर पाणी’ म्हणून जॅकेट काढणारे असतात. अचानक टेकलेल्या बोटीतून पुढे फेकला गेलेला, डोके आपटून शुद्ध हरपलेला माणूस गुडघाभर पाण्यातही बुडतो. किल स्विचची दोरी (ओढली गेली की इंजिन बंद करणारी) चालवणाऱ्याच्या मनगटाला किंवा पायाला हवीच, आणि पुढे पाय बाहेर सोडून कुणी बसू नये, तेही याच कारणाने. मग मोटर पूर्ण वर घ्यावी. काठीने बोटीभोवती चारी बाजूंनी खोली पाहावी. जो भाग टेकला आहे तिथली माणसे उलट टोकाला न्यावीत. बहुधा पुढचा भाग टेकलेला असतो. दोन माणसे मागे गेली की तो सुटतो. आणि आलात त्याच रेघेने, वल्ह्याने किंवा काठीने रेटत मागे जावे, कारण पाणी असल्याची खात्री फक्त त्या रेघेची आहे. एवढ्याने न सुटल्यास नांगर खोल पाण्याकडे जमेल तितका लांब नेऊन टाकावा आणि दोरी बोटीवरून ओढावी. पाण्यात उतरायचे असेल तर आधी काठीने तळ पाहून, पायात बूट घालून. चिखलात उतरू नये. वाहत्या पाण्यात बोटीच्या खालच्या अंगाला कधीही उभे राहू नये. सुटलेली बोट माणसाला दगडावर चेपते. बोट आडवी होऊन दगडाला चिकटली तर सगळ्यांनी दगडाकडे कलावे. मन उलटीकडे ओढते, पण वरच्या अंगाची कड खाली गेली की प्रवाह आत शिरतो. आणि प्रवाहात नांगर टाकायचा तो नेहमी पुढच्या टोकाने, मागून नाही.

इंजिन जोरात फिरते पण बोट हलत नाही, असे झाले तर लहान मोटरीत शिअर पिन तुटली आहे. पंखा अडकला तर गिअर वाचावेत म्हणून बळी जाण्यासाठीच ही पिन असते. बदलणे अवघड नाही, पण क्रम पाळावा. इंजिन बंद, किल स्विचची दोरी काढलेली, स्पार्क प्लगची टोपी उपटलेली. मोटर वर. पंख्याखाली कापड किंवा जाळी धरावी, कारण पाण्यात पडलेला वॉशर परत मिळत नाही. स्प्लिट पिनचे पाय पक्कडीने सरळ करून ती ओढावी, टोपी किंवा नट काढावा, पंखा मागे सरकवून काढावा. शाफ्टच्या भोकात अडकलेला मधला तुकडा नव्या पिनेने किंवा पातळ सळीने ढकलून बाहेर काढावा. नवी पिन घालून तिची दोन्ही टोके सारखी बाहेर ठेवावीत, पंख्याची खाच त्यांवर बसवावी, नट लावावा आणि नवी स्प्लिट पिन घालून पाय वाकवावेत. पिनेऐवजी लोखंडी खिळा घालणारे आहेत. खिळा मजबूत असतो हीच त्याची अडचण. पुढच्या दगडावर तो तुटत नाही, गिअरचे दात तुटतात. मोठ्या मोटरींत पिन नसते, पंख्याच्या आत रबरी बुश असतो. तो सुटला तर हळू वेगात बोट चालते आणि थ्रॉटल दिला की नुसते इंजिन ओरडते. अशा वेळी हळूच घरी यावे. चार पिना, चार स्प्लिट पिना, एक जादा नट, पक्कड, प्लगचा पाना आणि सुरी एका डब्यात घालून डबा बोटीला बांधून ठेवावा.

गवतात शिरल्यावर थरथर वाढते आणि वेग पडतो. न्यूट्रल करून क्षणभर अगदी हलका रिव्हर्स दिला तर गवत उलगडते. रिव्हर्सचा उथळातला एवढाच उपयोग मला मान्य आहे, आणि तोही खाली मऊ तळ आहे हे काठीने पाहिल्यावर. समुद्री गवताच्या पट्ट्यात मात्र मोटर वर घेऊन काठीनेच जावे. पंख्याने पडलेला चर भरायला वर्षे लागतात. पंख्यात मासेमारीची नायलॉन दोरी गेली असेल तर ती वरवर कापून भागत नाही. ती पंख्याच्या मागे शाफ्टभोवती गुंडाळत जाते आणि तेलाचा सील कापते. पंखा काढून शेवटचा वेढा निघाल्याची खात्री करावी.

परत आल्यावर मोटर गोड्या, स्वच्छ पाण्यावर दहा मिनिटे चालवून आतली वाळू धुऊन काढावी. पाण्याची नळी लावल्याशिवाय इंजिन सुरू करू नये. स्केग आणि पंख्याच्या कडा बोटाने चाचपाव्यात, वाकलेल्या पात्याने येणारी थरथर शाफ्टचे बेअरिंग खाते. आणि पाय कुठे आपटला असेल तर दुसऱ्या दिवशी, मोटर रात्रभर सरळ उभी राहिल्यावर, गिअरच्या पेटीचा खालचा स्क्रू अर्धा सैल करून चार थेंब तेल बोटावर घ्यावे. तेल स्वच्छ असेल तर स्क्रू घट्ट करावा. दुधाळ, कॉफीसारखे असेल तर सीलमधून पाणी शिरले आहे. सील बदलून, तेल बदलूनच मोटर पुन्हा पाण्यात उतरवावी. बोटावर चकाकणारे धातूचे कण आले तर पेटी उघडावीच लागेल.

कळावे.

आपला,
लहान मोटरबोटींच्या कामात असलेला एक वाचक